जुनी जीप नवी करताय? रंगाच्या आधी पुढचा एक्सल उघडा

पाटण तालुक्यातल्या एका गावात गोठ्याच्या कडेला एक जुनी जीप बारा वर्षं उभी होती. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली. खताची पोती, उसाचं बेणं, अडलेली बाळंतीण, लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्या गाडीनं वाहिलेलं. नातवानं ठरवलं, यंदाच्या यात्रेला हीच गाडी देवळापुढं उभी करायची. इंजिन चालू झालं. डेंटिंग झालं, हिरवा रंग बसला, नवीन हूड शिवलं, सीटा भरल्या. पैसा गेला तो बहुतेक यातच.

पहिल्याच फेरीत गाडी चाळीसच्या आसपास होती. एका खड्ड्यावरून गेली आणि पुढची दोन्ही चाकं अशी थडथडायला लागली की स्टिअरिंग हातात ठरेना. मागं दोन भाचे बसलेले. रस्ता सरळ होता, समोरून कुणी येत नव्हतं, म्हणून निभावलं. हेच कुंभार्ली घाटातल्या वळणावर झालं असतं तर ही बातमी वेगळ्या मथळ्यानं द्यावी लागली असती.

गॅरेजमध्ये दोन वेळा स्टिअरिंग बॉक्स टाईट करून झाला. गाडी वळायला जड झाली, पण थडथड गेली नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं आणि म्हणाला, "बाळा, दुखणं हातात नाही, गुडघ्यात आहे."

हा गुडघा म्हणजे पुढच्या एक्सलचं टोक. जुन्या जीपा घरी बांधायला घेणाऱ्या पोरांची संख्या वाढते आहे. म्हणून हा गुडघा कसा झिजतो, घरच्या घरी कसा तपासायचा, काय बदलायचं, काय दुरुस्त करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, ते सविस्तर पाहू.

कोणत्या जीपबद्दल बोलतोय?

जीप ही मूळची अमेरिकेची, दुसऱ्या महायुद्धातली गाडी. विलिस कंपनीनं युद्धानंतर ती शेतकऱ्यांसाठी आणि सर्वसामान्यांसाठी बनवायला घेतली. आपल्याकडं महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत त्याच विलिस जीपांचे सुटे भाग जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली. पुढं सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल इथं रुजलं. अमेरिकेत ते १९५३ ते १९६८ या काळात निघालं, आपल्याकडं त्याच्या पुढंही कितीतरी वर्षं त्याच घाटाच्या जीपा बनत राहिल्या. म्हणून आजही गावात जी जुनी फोर बाय फोर जीप दिसते, तिचा पुढचा एक्सल बहुतेक वेळा याच विलिस पद्धतीचा असतो.

खाली दिलेली माप आणि पद्धत याच प्रकारच्या, म्हणजे बंद गोळ्याच्या एक्सलची आहे. चाकाच्या आतल्या बाजूला नारळाएवढा लोखंडी गोळा दिसला आणि त्याच्यावर वाटीसारखं घर फिरताना दिसलं, की समजायचं आपली गाडी यातलीच. नंतरच्या मॉडेलांत फरक आहेत, त्यांना त्यांच्या मॅन्युअलची मापं लावावीत.

आत नेमकं काय असतं?

बैलगाडीचा आख आठवा. आख सरळ, चाक त्यावर फिरतं, वळायचं काम बैलं करतात. जीपमध्ये पुढच्या आखाला तीन कामं एकदम करावी लागतात. गाडीचं वजन पेलायचं, चाक डावी-उजवीकडं वळवायचं आणि फोर बाय फोर टाकल्यावर त्याच चाकाला इंजिनाची ताकदही पोचवायची.

म्हणून एक्सलच्या दोन्ही टोकांना गोळा असतो. त्या गोळ्याच्या वर आणि खाली एक-एक किंगपिन. या दोन पिनांवर चाकाचं घर, म्हणजे नकल, दाराच्या बिजागरीसारखं फिरतं. पिन आणि गोळा यांच्यामध्ये निमुळत्या रोलरची बेअरिंगं असतात. एका बाजूला दोन, दोन्ही बाजूंची मिळून चार. वरच्या-खालच्या टोप्यांखाली कागदासारखे पातळ पत्रे असतात, त्यांना शिम म्हणतात. बेअरिंग किती घट्ट बसणार हे शिमवर ठरतं.

नकलच्या बाहेर स्पिंडल, त्यावर हब, हबमध्ये आणखी दोन बेअरिंगं. पोकळ स्पिंडलच्या आतून ताकदीचा शाफ्ट जातो. वळवण्यासाठी टायरॉड आणि त्याची टोकं, म्हणजे टायरॉड एंड. जुन्या मांडणीत मध्यभागी बेलक्रँक नावाचा एक फिरता तुकडा असतो. स्टिअरिंगची ओढ त्याच्यापर्यंत येते आणि तो दोन्ही चाकांना वळवतो.

यातला प्रत्येक सांधा थोडा-थोडा झिजतो. एकट्याची झीज लक्षात येत नाही. पण सगळ्यांची मिळून बेरीज झाली की स्टिअरिंग मूठभर फिरवलं तरी चाक जागचं हलत नाही.

थडथड का होते?

चाक दगडावर आदळलं की ते किंचित वळतं. सांधे घट्ट असतील तर तिथंच थांबतं. सांध्यात खेळ असेल तर ते वळतं, टायरॉडमुळं दुसऱ्या चाकालाही वळवतं, मग रस्ता त्यांना परत सरळ करतो, ती सरळ होताना पलीकडं जातात, परत अलीकडं येतात. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो जसा वाढत जातो, तसंच हे. म्हणूनच ही थडथड एका ठरावीक वेगाला सुरू होते.

चालत्या गाडीत असं झालं तर काय करायचं? जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा पण अंगठे आतल्या दांड्यांत अडकवू नका, गाडी सावकाश मंद होऊ द्या आणि कडेला घ्या. त्यानंतर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत माणसं बसवून न्यायची नाही.

घरी करायच्या पाच तपासण्या

काहीही खोलण्याआधी या तपासण्या करा. एक सोबती, एक जॅक आणि दोन मजबूत स्टँड लागतील. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ओंडके लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. विटांच्या थप्पीवरही भरवसा नको, वीट एका क्षणात फुटते.

पहिली, सोपी गोष्ट. दोन्ही पुढच्या टायरांत हवा सारखी आहे का, चाकाचे नट आवळलेले आहेत का, पाट्याचे यू-बोल्ट ढिले नाहीत ना, हे बघा. कधी कधी दुखणं एवढंच असतं.

दुसरी, वर-खालीची. चाक उचलून घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी दोन हात धरा आणि आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर हबची बेअरिंगं ढिली आहेत. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिन. खेळ किंगपिनचा असेल तर गोळा आणि घर यांच्यातली फट कमी-जास्त होताना डोळ्यांनी दिसते.

तिसरी, डावी-उजवीची. आता हात नऊ आणि तीनच्या जागी. वर-खाली खेळ नाही पण इथं आहे, असं असेल तर टायरॉड एंड किंवा बेलक्रँककडं बघायचं.

चौथी, जमिनीवरची. गाडी खाली उतरवा. सोबत्यानं इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडं हलवायचं आणि तुम्ही समोरून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो झिजलाय. बोटाला हे डोळ्यांपेक्षा आधी कळतं. जुन्या जीपमध्ये बेलक्रँकची पिन इथंच पकडली जाते.

पाचवी, डाग बघायचे. गोळ्यावर आणि ब्रेकड्रमच्या आतल्या बाजूला तेल किंवा पातळ ग्रीस ओघळलंय का? गोळ्याचं सील गेलं की बाहेरची माती-पाणी आत जातं. एक्सलच्या नळीतलं सील गेलं की डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतं. दोन्हीत शेवट बेअरिंगचाच होतो.

गोठ्यात उभ्या असलेल्या त्या जीपमध्ये ब्रेक दाबूनही दोन्ही चाकांत खेळ राहत होता. बेलक्रँकमध्येही होता. स्टिअरिंग बॉक्सचा या सगळ्याशी फारसा संबंधच नव्हता.

खोलताना घ्यायची काळजी

मोबाईल आपल्या हातात आहेच, त्याचा उपयोग करा. प्रत्येक भाग काढण्याआधी एक फोटो आणि काढल्यावर एक फोटो. डाव्या आणि उजव्या बाजूचा माल वेगळ्या घमेल्यात ठेवा.

चाकाचे नट सोडताना लक्षात असू द्या, अनेक जुन्या जीपांना डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात. नेहमीच्या दिशेनं जोर लावला तर नट सुटायच्या ऐवजी स्टड तुटतो. स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' अक्षर दिसतंय का, ते आधी पुसून बघा.

ड्रम काढल्यावर आतली काळी धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या ब्रेकशूंच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

हबचा मोठा नट छिनी-हातोडीनं सोडायची सवय गावोगाव आहे. त्यानं नटाचे कोपरे जातात आणि लोखंडाचा कीस सरळ बेअरिंगमध्ये पडतो. या नटाचा बॉक्स पाना मिळतो, नाहीतर लेथवाला पाइपाचा करून देतो. आत दोन नट असतात आणि त्यांच्यामध्ये वळवलेला लॉक वॉशर. तो वॉशर आधी सरळ करायचा.

ब्रेकची प्लेट काढली की ती ब्रेकच्या होजवर लोंबकळत सोडायची नाही, तारेनं पाट्याला बांधा. होज आतून फाटला तर बाहेरून कळत नाही.

मग स्पिंडल निघतो, शाफ्ट बाहेर येतो, सील सुटतं, टायरॉड सुटतो आणि शेवटी किंगपिनच्या टोप्या. टोपी काढताना शिम सांभाळा. कुठल्या बाजूचे, वरचे की खालचे, किती होते, हे तिथंच कागदावर लिहा.

काय सापडतं आणि त्याचं काय करायचं

त्या जीपची टोपी उघडली तेव्हा वरच्या बेअरिंगमध्ये ग्रीस नव्हतंच. कोरडी, तांबूस पूड होती. खालच्यात चिखल. हे नेहमीचं आहे. ग्रीस खाली बसतं आणि वरचं बेअरिंग उपाशी राहतं. खालच्यात पाणी साचतं.

*किंगपिनची बेअरिंगं.* बेअरिंगची बाहेरची वाटी स्वच्छ पुसून उन्हात धरा. तिच्यावर बारीक समांतर खाचा दिसल्या, नखाला लागल्या, की बेअरिंग संपलं. या खाचा का पडतात? गाडी आयुष्यभर जास्त करून सरळ चालते. रोलर एकाच जागी दणके खातात आणि वाटीत घर करतात. अशा बेअरिंगला शिम काढून कितीही आवळलं तरी सरळ चालताना चाक खाचेत अडकतं आणि वळताना जड जातं. ते बदलायचंच. वाटी आणि रोलर जोडीनं बदला. जुन्या वाटीत नवे रोलर घालून पैसे वाचत नाहीत, नवे रोलर लवकर जातात.

*हबची बेअरिंगं.* यांचंही तसंच. निळसर किंवा जळका रंग दिसला तर गरम झालेलं आहे. एका हबमधली दोन्ही बेअरिंगं एकाच मापाची असतात. दुकानात जाताना जुनं बेअरिंग धुऊन बरोबर न्या, त्याच्या कडेला नंबर कोरलेला असतो. मॉडेलचं नाव सांगण्यापेक्षा नंबर दाखवणं पक्कं.

*स्पिंडल.* बेअरिंग बसतं ती जागा बोटानं चाचपा. बेअरिंग स्पिंडलवर गोल फिरून त्यानं खड्डा पाडला असेल तर काही जण सेंटर पंचचे ठोके मारून ती जागा फुगवतात. दोन-चार महिने चालतं, मग परत ढिलं. स्पिंडलला तडा गेलेला असेल, आटे गेलेले असतील, तर दुसरा स्पिंडल शोधा. पण स्पिंडलच्या आत पितळी बुश असतो, तो झिजला असेल तर ते मात्र चांगल्या लेथवाल्याचं काम आहे. जुना बुश काढून नवा दाबून बसवायचा आणि शाफ्टच्या मापाला आतून साफ करून घ्यायचा.

*गोळा.* गोळ्यावरचा हलका गंज बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत होतो. खोल खड्डे पडले असतील तर नवं सीलसुद्धा त्या खड्ड्यांवर घासून काही दिवसांत फाटतं. अशा वेळी चांगला गोळा असलेला जुना एक्सल शोधणं बरं. सील मात्र प्रत्येक वेळी नवंच.

*टायरॉड एंड आणि बेलक्रँक.* टायरॉड एंड दुरुस्त करायची वस्तू नाही. खेळ दिसला की नवा. बेलक्रँकची पिन आणि तिची बेअरिंगं बदलता येतात. पिन झिजलेली असताना नुसती बेअरिंगं बदलू नका, एक झिजलेला भाग दुसऱ्या नव्याला लगेच खातो.

*नकलचा हात.* टायरॉड ज्या हातावर ओढतो तो नकलला स्टडनं बसवलेला असतो. हे स्टड ढिले झालेले अनेकदा सापडतात आणि ढिले राहिले तर तुटतात. एक स्टड तुटला की बाकीच्यांवर भार येतो. सगळे काढा, आटे तपासा, शंका वाटली तर नवे घाला. हात बसायची जागा पूर्ण स्वच्छ हवी. मध्ये रंग किंवा गंज राहिला तर काही दिवसांत हात पुन्हा ढिला होतो.

*पाट्याचे शॅकल आणि बुश.* हेही ढिले असतील तर सगळा एक्सलच गाडीखाली डावी-उजवीकडं सरकतो. गाडी उंच केलेलीच आहे तर त्याच वेळी करून टाका.

वेल्डिंग? नाही म्हणजे नाही

आपल्याकडं वेल्डिंगवर फार विश्वास. नांगर, ट्रॉली, गेट, सगळं वेल्डिंगनं जुळतं. पण नकलचा हात, बेलक्रँक, टायरॉड, स्पिंडल यांना वेल्डिंग लावायचं नाही. गॅसनं तापवून सरळही करायचे नाहीत. हे भाग ठोकून घडवलेल्या पोलादाचे असतात आणि त्यांना ठरावीक उष्णतेची प्रक्रिया दिलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाच्या शेजारचं पोलाद ठिसूळ होतं. वरून टाका भक्कम दिसतो, आणि एक दिवस टाक्याच्या बाजूला भाग तुटतो. ट्रॉलीचं हूक तुटलं तर ट्रॉली थांबते. स्टिअरिंगचा हात तुटला तर गाडी थांबत नाही, फक्त वळायची थांबते.

स्टिअरिंग बॉक्स आवळून खेळ झाकणं हाही तसाच प्रकार. बॉक्स गरजेपेक्षा आवळला की आतले दात आणि बेअरिंगं खराब होतात आणि वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. डॅम्पर बसवून थडथड दाबणं म्हणजे ताप असताना फक्त गोळी घेऊन शेतात जाण्यासारखं. ताप उतरल्यासारखा वाटतो, आजार तिथंच राहतो.

कॉटर पिनेच्या जागी तार हाही एक जुगाड. कॉटर पिन चहापेक्षा स्वस्त आहे. नवीनच घाला.

जोडताना तीन मापं

जोडणीत अंदाज चालत नाही. पण महागडी यंत्रंही लागत नाहीत.

*पहिलं माप, किंगपिनचा ताण.* यासाठी पोती किंवा सिलिंडर टांगून मोजायचा स्प्रिंगचा हूक काटा लागतो. तो बहुतेक गावात कुणाकडं तरी असतोच. नवी बेअरिंगं हातानं ग्रीस दाबून भरा, वरच्यांना जास्त लक्ष द्या. टोप्या शिमसकट आवळा. सील अजून बसवायचं नाही, टायरॉडही जोडायचा नाही. आता नकलच्या हातावरच्या टायरॉडच्या भोकात काट्याचा हूक अडकवा आणि सरळ, सावकाश ओढा. नकल फिरत असताना काटा किती दाखवतो ते बघा. विलिसच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सीजे-३बीच्या काळातल्या एक्सलला हा आकडा १२ ते १६ पौंड दिलाय, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वासात किलो. काटा कमी दाखवत असेल तर एखादा शिम काढा, जास्त दाखवत असेल तर घाला. शिम वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, त्यामुळं दोन-तीन वेळा टोपी खोलावी लागते. कंटाळा करू नका, सगळ्या कामाचं सार याच मापात आहे.

पाटणच्या त्या जीपमध्ये एका बाजूला शिमच नव्हते. त्यांच्या जागी कुणीतरी डब्याचा पत्रा कापून घातला होता, तोही एकाच बाजूला. गाडी इतकी वर्षं त्या पत्र्यावर वळत होती.

*दुसरं माप, हबच्या बेअरिंगचं.* चाक फिरवत-फिरवत आतला नट आवळा, चाक अडखळायला लागेपर्यंत. मग नट साधारण एक षष्ठांश फेरा मागं घ्या. सहा कोपऱ्यांचा नट आहे, म्हणजे एक कोपरा मागं, असं सोपं लक्षात ठेवता येईल. चाक मोकळं फिरलं पाहिजे पण वर-खाली हललं नाही पाहिजे. लॉक वॉशर, बाहेरचा नट, आणि वॉशर परत वळवून पक्का. बाहेरचा नट आवळल्यावर पुन्हा एकदा चाक फिरवून बघा, कारण त्यानं आतला नट थोडा दाबला जातो.

*तिसरं माप, टो-इन.* दोन्ही पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित जवळ असावी लागतात. या जीपला ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सुमारे सव्वा ते अडीच मिलिमीटर. चाकं उचला, फिरवत टायरच्या मध्यावर खडूचा पट्टा ओढा आणि त्यावर खिळ्यानं बारीक रेघ मारा. गाडी खाली घ्या, थोडी पुढं ढकला. आता चाकाच्या मध्याच्या उंचीवर, दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून टेपनं मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा तेवढं कमी हवं. टायरॉड फिरवून कमी-जास्त करता येतं. बेलक्रँकला दोन टायरॉड असतील तर आधी स्टिअरिंग आणि बेलक्रँक मधोमध आणा, एक-एक चाक मागच्या चाकाशी दोरी लावून सरळ करा, मग टो-इन द्या. नाहीतर माप बरोबर येईल, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहील.

मोठे टायर आणि उंच गाडी

या जीपला मूळचे टायर ६.००-१६, बारीक आणि उंच. हल्ली रुंद टायर लावायची हौस आहे. रुंद टायर खड्ड्यात गेला की किंगपिनवर जास्त लांबून दणका बसतो. शॅकल लांब करून गाडी पुढून उंच केली की किंगपिनचा मागं झुकलेला कल, जो मूळ ३ अंशाचा असतो, तोही बदलतो. या कलामुळंच वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. नवीन किंगपिन घालूनही थडथड राहिली तर आधी टायर आणि उंची मूळची करून बघा.

कागदपत्रांचं काय?

झिजलेल्या भागाच्या जागी तसाच भाग घालणं ही दुरुस्ती झाली. पण एक्सल, इंजिन किंवा चेसिस दुसऱ्याच गाडीचं घालणं हा बदल झाला. नोंदणीतला तपशील बदलणारा कुठलाही बदल करण्याआधी आरटीओत विचारा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, प्रदर्शन, रॅली आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. ज्याला बाजाराला, शेताला जीप न्यायची आहे त्यानं साधी नोंदणीच चालू ठेवलेली बरी.

पैसा कुठं घालायचा?

बेअरिंगं, सीलं, शिम, टायरॉड एंड आणि बेलक्रँकचा संच, एवढा माल मिळून बहुतेक वेळा रंगकामापेक्षा स्वस्त पडतो. तरी तो शेवटी येतो, कारण तो फोटोत दिसत नाही. क्रम उलटा करा. आधी ब्रेक, मग पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग, मग इंजिन, आणि उरलेल्या पैशात रंग. रंग आधी दिला तर दुरुस्तीच्या वेळी ग्रीसच्या हातांनी तो खराब होतो ते वेगळंच.

काम झाल्यावर पहिली फेरी एकट्यानं, मोकळ्या रस्त्यावर, आधी वीस, मग तीस, मग चाळीस अशी वाढवत करा. परत आल्यावर हबला हात लावून बघा, एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेला असेल तर नट जास्त आवळला गेलाय. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट, यू-बोल्ट, नकलच्या हाताचे नट पुन्हा आवळा. त्यानंतर दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ग्रीस आणि ती बारा-सहाची तपासणी, एवढं पुरे.

पाटणची ती जीप यात्रेला वेळेवर पोचली नाही. बेअरिंग मिळायला आणि शिम जुळायला दिवस गेले. यात्रा झाल्यावर दहा दिवसांनी ती त्याच रस्त्यावरून, त्याच खड्ड्यावरून गेली आणि सरळ पुढं गेली. भाचे या वेळी घरीच होते. ते दुसऱ्या फेरीत बसले.